फाटा

कोर्पिलाम्मीच्या सबस्टेशनात हीटर आहे, पण तो रिलेसाठी.
आम्ही कोट घालूनच बसतो.
तूरे नवा आहे. विचारतो,
बर्फाने वाकलेलं झाड तारेवर पडलं
तर या डब्याला कसं कळतं, किती लांब पडलं?

कळत नाही, मी म्हणते.
त्याला दोनच गोष्टी दिसतात:
व्होल्टेज किती खचलं, करंट किती धावला.
एकाला दुसऱ्याने भागतो
आणि येईल त्या उत्तराला अंतर म्हणतो.

सरळ लाईन असती तर एवढ्यावर भागलं असतं.
पण सहा ओहमवर फाटा आहे,
पाइनचं रान तोडून काढलेला,
कागद कारखान्याकडे जाणारा,
आणि कारखान्याला स्वतःचं टर्बाइन.
तिथे माझा भाऊ, उर्पो, एकतीस वर्षं
रात्रपाळीत वाफेचा काटा बघत बसला.

आता बघ. झाड पडलं पार टोकाला,
पंधरा ओहमवर.
इथून करंटचे माझे चार वाटे निघतात,
फाट्यावर उर्पोचे तीन येऊन मिळतात.
पुढचे नऊ ओहम सातही वाटे एकत्र चालतात
आणि सगळ्यांची दमणूक लिहिली जाते माझ्या एकटीच्या नावावर.
रिले भागाकार करतो: पावणेबावीस.
झाड होतं तिथेच आहे.
मधे कुणी मदतीला आलं
म्हणून ते लांब गेलं.

तूरेने वहीत दोनदा करून पाहिलं. तेच आलं.

म्हणून पल्ला ठरवताना दोन तोंडांनी बोलावं लागतं.
पहिला झोन क्षणभरही थांबत नाही.
त्याच्यासाठी धरायचं, उर्पो नाहीच.
टर्बाइन थंड, फाटा मुका.
पंधराचे ऐंशी टक्के, बारा. त्यापुढे हात घालायचा नाही,
नाहीतर दुसऱ्याच्या चुकीला आपला ब्रेकर उघडतो.
दुसरा झोन चार दशांश सेकंद दम धरतो.
त्याच्यासाठी धरायचं, उर्पो आहेच,
पूर्ण वाफेवर.
पावणेबावीस, वर थोडी सैल सोडून, सव्वीस.

एकाच कागदावर, एकाच तारखेला
तो आहे आणि तो नाही.
खाली माझी सही.
वडिलांच्या सौनावरून आमचं बोलणं बंद होतं
त्या चार वर्षांतही मी दर तपासणीला
तसंच लिहीत आले.

ऑक्टोबरात कारखाना बंद झाला.
टर्बाइन सुटं करून ट्रकांवरून नेलं,
कुठे, ते उर्पोने विचारलं नाही.
फाट्यावरचा स्विच उघडा, वर कुलूप.
आणि माझा सव्वीसचा हात आता
टोकाच्या बसबारपलीकडे
अकरा ओहम आत शिरतो शेजारच्या लाईनीत.
ते बरं नाही.

सव्वीस खोडते. अठरा लिहिते.
तूरे टेस्ट सेटवरून खोटं झाड पाडतो, अगदी टोकाला.
पडद्यावर पंधरा.
पावणे नाही, सव्वा नाही.
किती सोपं झालं, तो म्हणतो.
हो, मी म्हणते,
आणि त्या वाक्याला फाटे फोडत नाही.

परतताना तळ्यावर दिवा दिसला.
उर्पो बर्फाला भोक पाडून बसला होता,
शेजारी थर्मास, अजून एकही मासा नाही.
गाडी काठावर ठेवून मी ओरडले, किती जाड आहे?
त्याने भोकात पट्टी सोडली,
खालची कड नखाने चाचपली,
बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला.
बेचाळीस, तो म्हणाला. ये.